खापराचं पाणी

भाऊ, आपल्या आडनावाची गोष्ट तुम्ही वहिनीला सांगितलीत आणि मला सांगितली नाहीत. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं होऊन गेली, आणि हे मला कळलं गेल्या महिन्यात, तेही लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात बटाटवड्याची प्लेट धरून. वहिनी शाळेतून रिटायर झाली, तिचा निरोपसमारंभ होता. हार झाले, शाल झाली, मुख्याध्यापकांचं भाषण झालं आणि मग वहिनी माईकसमोर उभी राहिली. तिची ती नेहमीची सावकाश, वर्गात शिकवल्यासारखी बोलण्याची पद्धत. म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा माझं नवं आडनाव मला फारसं आवडलं नव्हतं. खापरे. म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. मी सासऱ्यांना विचारलं, हे नाव आपल्याला कुणी दिलं?" आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. नवलाख उंबरे गावात डोंगराच्या अंगाला आपली वस्ती. गावच्या विहिरीला आपल्या माणसांनी हात लावायचा नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन कडेला बसून राहायच्या, कुणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. डोंगरात एका कातळातून पाणी पाझरायचं, पण ते दगडावर पसरून मातीत जिरायचं, घागर काही भरायची नाही. त्या वस्तीतल्या आपल्या घरात एक सून आली. तिनं एक दिवस फुटक्या मडक्याचं खापर घेतलं, कातळाच्या कपारीत चिखलानं लिंपून बसवलं, आणि पसरणारं पाणी त्या खापरावरून एका धारेनं खाली पडायला लागलं. घागरी भरू लागल्या. विहिरीच्या कडेला जाऊन बसणं थांबलं. खापराच्या पाण्यावरची माणसं, असं म्हणता म्हणता घराला खापरे हेच नाव पडलं. "खापरपणजी सगळ्यांनाच असते," वहिनी म्हणाली, "आमची खरोखरची खापराची आहे. आणि ती माझ्यासारखीच बाहेरून आलेली सून होती." हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. दादा रुमालानं डोळे पुसत होता. मी वडा खाल्ला. तो गार झाला होता, तरी शेवटपर्यंत खाल्ला, कारण तोंडात काहीतरी असलेलं मला बरं वाटत होतं.

मला हेवा वाटला, भाऊ. दुसरा चांगला शब्द शोधत बसत नाही. वाईट वाटलं असं ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय असं दादाला सांगितलं आणि जेवायला न थांबता तळेगावची गाडी धरली. पण खरं म्हणजे हेवाच. माझ्या बापाची गोष्ट, माझ्या गावाची, माझ्या रक्ताची, आणि ती सांगणार कोण, तर जी पुण्याहून लग्न करून आली ती. माझ्याजवळ ते नावसुद्धा राहिलेलं नाही. तिच्या पेन्शनच्या कागदावर खापरे लिहिलेलं आहे आणि माझ्या आधार कार्डावर ह्यांच्या घरचं नाव आहे. गाडीत खिडकीशी बसून मी मळवलीपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, आणि कामशेत आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलतायत आणि समोरची बाई माझ्याकडे बघतेय.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. लोणावळ्याचं रेल्वे क्वार्टर, दाराशी दगडी पायरी, पायरीच्या बाजूला मोरीचा नळ. तुम्ही पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. ड्युटी संपवून आलात की त्या पायरीवर बसून आधी हाताचं ग्रीस धुवायचात, मग घरात यायचात. मी सहावीत. बाई हजेरी घेताना माझं आडनाव पुकारायच्या आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारायचं, आज खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं. ते मी सहन करत होते. पण त्या आठवड्यात एका मुलीनं वेगळंच सांगितलं. तिची आजी म्हणाली होती की पूर्वी या लोकांना गळ्यात मडकं बांधून फिरावं लागायचं, त्या मडक्यावरून हे नाव पडलं असणार. ती हसून नाही बोलली, अगदी खरी माहिती द्यावी तसं बोलली, आणि ते मला जास्त लागलं. त्याच सुमारास काका तळेगावाहून पेढे घेऊन आला होता. त्यानं नाव बदलून घेतलं होतं, गॅझेटात छापून आलं होतं. काका आता उंबरेकर. गावाचं नाव आणि पुढे कर. त्याच्या मुलीनं वह्यांच्या कव्हरांवर ते नवं नाव वळणदार अक्षरात लिहून मला दाखवलं होतं, आणि मी त्या वह्यांकडे ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेनं मी तिच्या फ्रॉककडे किंवा सायकलीकडेही कधी बघितलं नव्हतं.

तुम्ही पायरीवर बसलेले आहात. मी नळापाशी उभी आहे. मी म्हणते, "भाऊ, आपण पण उंबरेकर होऊ या ना."

"का गं?"

"मुली हसतात."

"हसू दी. हसून हसून दमतील."

"काकांनी पण बदललं ना."

"त्यानं त्याचं बदाललं. मी न्हाई बदलायचा."

"पण का नाही?"

तुम्ही साबण पुन्हा हाताला चोळता. हात केव्हाच स्वच्छ झालेले आहेत. "तू मोठी झाली का सांगन," तुम्ही म्हणता. मला तेवढ्यावर थांबता येत नाही, मी रडायला लागते, पाय आपटते, मडक्याचं ते ऐकलेलं सगळं बोलून टाकते. तेव्हा तुमचा आवाज चढतो. तुम्ही कधी मारलं नाहीत, पण तो आवाज मारण्यासारखाच होता. "नावाला लाजायचं न्हाई. आन परत हा इषय माझ्याफुडं काढायचा न्हाई." आतून आई आली आणि मला दंडाला धरून घेऊन गेली. मी तो विषय परत काढला नाही, भाऊ. तुम्हीच तसं सांगितलं होतं. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी मी शब्दशः पाळलेली ही बहुतेक एकच गोष्ट असेल. आणि मोठी झाल्यावर तुम्ही आपणहून सांगाल अशी वाट बघत राहिले. दहावी झाले, पतसंस्थेत नोकरीला लागले, माझं लग्न ठरलं. मोठं होणं अजून किती असतं?

लग्नातली भांडी घ्यायला आपण दोघं तळेगावला गेलो होतो. आई तेव्हा दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. दुकानदारानं डबे, पातेली, हंडा असं सगळं मांडलं आणि नाव घालायचं मशीन हातात घेऊन विचारलं, काय घालू. तुम्ही काही बोलायच्या आत मी सासरचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "माहेरकडून दिलेल्या भांड्यांवर बापाचं नाव घालतात, ताई." मी म्हटलं, नको, मला माझं नवं नाव हवंय. खरंच हवं होतं. त्या नावात एक गाव होतं, शेवटी कर होता, त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता आणि कुणी सांगतही नव्हतं. सहावीपासून जे हवं होतं ते मला फुकट मिळत होतं. ते मशीन घर्रघर्र वाजत एकेका भांड्यावर अक्षरं कोरत गेलं आणि तुम्ही बाहेर जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहिलात. परत येताना तुम्ही मला रसवंतीत बसवून उसाचा रस पाजलात. दुसरा ग्लास घे म्हणालात. तेव्हा सांगता आलं असतं. मी मोठी झाले होते, आपण दोघंच होतो, समोर रस होता. तुम्ही विचारलंत, "सासरी सकाळी पाणी किती वाजता येतं गं?" मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "ते आधी बघून ठेव."

आई गेल्यावर वर्षाच्या आत दादाचं लग्न झालं. आणि मग तो तुमच्या पायाचा अपघात. खडीवरून घसरून घोटा मोडला, प्लॅस्टर लागलं, रजा पडली. माझा मुलगा तेव्हा तान्हा होता, मी तळेगावात. रविवारी त्याला काखोटीला मारून आणि एका हातात डबा घेऊन यायची. डब्यात तुमच्या आवडीचं, कडव्या वालाची उसळ, आई करायची तशी. असाच एक रविवार मला आता वारंवार दिसतो. मी दारात चपला काढतेय आणि आतून तुमच्या हसण्याचा आवाज येतोय. तुम्ही स्वयंपाकघरात लाकडी स्टुलावर बसलेले, प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या स्टुलावर, मांडीत परात, आणि तुम्ही वाल सोलताय. तुम्ही. आईनं आजारपणात एकदा लसूण सोलायला सांगितला तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरणारे तुम्ही, सुनेसाठी वाल सोलत बसला होतात. वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होती, तीही हसत होती. मला बघून तुम्ही दोघं गप्प झालात. काही लपवायचं म्हणून नाही, बोलणं संपलं म्हणून. पण मला ते गप्प होणं दिसलं. मी माझा डबा ओट्यावर ठेवला. वहिनी म्हणाली, "अरे वा, ताईंनी पण वालच आणलेत." आईचे डबे फळीवर वेगळ्या क्रमानं लावलेले होते. मीठ कुठे आहे ते मला माझ्या घरात विचारावं लागलं.

हे सगळं मी त्या वेळी गिळून टाकलं होतं. आणि वहिनी वाईट असती तर बरं झालं असतं, सोपं झालं असतं. पण तिनं तुमचं सगळं केलं. शेवटच्या आजारपणात तुमचं अंग पुसलं, तुम्हाला भरवलं, शाळेतून मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन तुमची औषधं दिली. त्याचाही मला हेवा वाटत होता. तुमच्या उशाशी बसलेल्या तिला पाहून मला वाटायचं, ही माझी जागा आहे. आणि संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून मीच घड्याळाकडे बघत असायची.

समारंभानंतरच्या रविवारी मी दादाकडे गेले. दादा गुडघ्याला तेल चोळत टीव्ही बघत होता. मी सरळ आत गेले. वहिनी हारातली न सुकलेली फुलं वेगळी करत बसली होती, विहारात नेण्यासाठी.

मी विचारलं, "भाऊंनी तुम्हाला हे कधी सांगितलं, वहिनी?"

"काय?"

"खापराचं."

तिनं मान वर केली. "पाय मोडला होता ना त्यांचा, तेव्हा. मला अजून नोकरी लागायची होती, दुपारचं मी आणि ते दोघंच असायचो. मी सहज विचारलं आणि ते जे सुरू झाले ते दोन दिवस सांगत होते. कातळ कुठे आहे, वाट कशी जाते, सगळं. चिखल कसा लिंपला असेल ते कणकेनं दाखवलं मला." मग माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मला वाटलं, तुम्हाला तर लहानपणापासून माहीत असणार," ती म्हणाली. "मीच उशिरा आलेली."

कणकेनं दाखवलंत तुम्ही. दोन दिवस. मला त्या वेळी रडू आलं नाही, ते घरी येऊन आलं. तिथे मी फक्त फुलं निवडू लागले. थोड्या वेळानं वहिनीच म्हणाली, "मी ते पाणी कधी बघितलेलं नाही. नुसतं ऐकलेलं सांगत फिरते. चला, जाऊ या का आपण दोघी?" हिलाच सुचावं याचाही राग आला. पण मी हो म्हटलं, कारण ती एकटी जाऊन बघून आली असती तर मला ते जड गेलं असतं.

पुढच्या रविवारी तळेगाव स्टेशनावरून रिक्षा केली. तुम्ही बघितलेला तो रस्ता आता नाही, भाऊ. कंटेनरच्या रांगा, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, भिंतींवर तारा, गेटपाशी केबिनमध्ये सिक्युरिटी. ज्या शेतात आपण हुरडा खाल्ला तिथे ट्रकांचं पार्किंग झालंय. गावात मात्र विहार चांगला बांधलाय, पांढराशुभ्र, आत मोठी मूर्ती. विहाराच्या मागच्या बाजूला तुमच्या चुलत्यांची मुलगी, आमची आत्या, अजून आहे. नव्वदीच्या आसपास असेल. डोळ्यांनी फारसं दिसत नाही पण बोलणं खणखणीत. आम्ही तिच्या घरी पोचलो तेव्हा वहिनी म्हणाली, "मी आधी विहारात मेणबत्ती लावून येते, तुम्ही बसा," आणि फुलांची पिशवी घेऊन गेली. मी एकटीच आत्यासमोर बसले.

आत्यानं माझा हात हातात घेऊन चाचपला. "कोन गं तू?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"त्येची कोन? लेक का सून?"

"लेक," मी म्हटलं.

"लेक व्हय," ती म्हणाली आणि हात सोडला नाही. "लोनावळ्याची. लय बारीक व्हतीस. काय काढलंस आज?"

मी म्हटलं, आत्या, ते खापराचं पाणी बघायला आलोय. आपलं नाव ज्याच्यावरून पडलं ते.

"पानी कुटं ऱ्हायलंय आता? डोंगार कापला रस्त्याला. दगुड हाय, वला असतो." तिनं माझी बोटं दाबली. "ते खापार कुनी लावलं ठावं हाय का तुला?"

"सुनेनं," मी म्हटलं. "खापरपणजीनं."

आत्या तोंडातल्या तोंडात हसली. "कुनी सांगितलं सून? सून न्हवं, लेक व्हती ती. ह्या घरची लेक. नांदाय गेलती तिकडं खाली परंदवडीला. दादला मेला, सासरच्यांनी हाकलली, परत आली. भावाच्या घरात ऱ्हायची. भावजय पानी द्याची न्हाई. घागर भरून आनशील तर पी म्हनायची. मंग ती डोंगरात गेली आन खापार बसवलं. आधी एकलीच भरायची. मंग समदी वस्ती भराय लागली, भावजयसुदीक. नाव तिचं लागलं, आन चाललं भावाच्या पोरांत. तिला कुटं पोरं व्हती." ती माझा हात हलकेच थोपटत राहिली. "छप्पन साली समदं सोडलं आमी. देव सोडलं, गावकीची कामं सोडली. नाव ठिवलं. तुझा आजा म्हनला, ह्ये कुनी दिल्यालं न्हाई, ह्ये आपलंय."

त्या पाच-दहा मिनिटांत माझ्या छातीत काय झालं ते मला नीट मांडता येणार नाही. इतकी वर्षं ज्याला लाजले, मग ज्याच्यासाठी जळले, ते नाव एका लेकीचं होतं. माहेरी परत आलेल्या, भावाच्या घरात पाण्याला महाग झालेल्या लेकीचं. आणि तुम्ही वहिनीला सांगताना तिची सून केलीत. विसरलात म्हणावं तर तुम्ही कातळापासून चिखलापर्यंत सगळं सांगितलंत. मला वाटतं, तुम्ही मुद्दाम केलंत. आई नसलेल्या घरात एक परकी मुलगी आली, नावाला नाक मुरडत होती, तिला घर आपलं वाटावं म्हणून तुम्ही त्या बाईला सून करून तिच्या हातात दिलंत. वाल सोलत, कणकेचं खापर करत. किती चांगुलपणा आहे त्यात, ते मला कळतं. पण भावजय पाणी देत नव्हती हा भाग तुम्ही कुठे टाकलात? तो तर मला सांगण्यासारखा होता. मी रसवंतीत ऐकला असता, त्या पायरीपाशीसुद्धा ऐकला असता. मडक्याचं ऐकून रडणाऱ्या मुलीला, हे नाव तुझ्यासारख्या एका मुलीनं मिळवलंय, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

वहिनी आली. आत्यानं तिलाही विचारलं, कोण. वहिनी म्हणाली, "सून, आत्या," आणि वाकली. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, चहा घ्या म्हणाली, आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही.

शेजारच्या बाईनं वाट दाखवली. वस्तीच्या वरच्या अंगाला, कंपनीच्या भिंतीला लागून थोडं चढलं की रस्त्यासाठी तासलेला डोंगर दिसतो. लाल माती, उभा कापलेला दगड. त्या दगडात एका जागी शेवाळं होतं आणि पाणी झिरपत होतं, वहिनीनं हॉलमध्ये सांगितलं तसंच, पसरून, कुठेच न साठता. खाली प्लॅस्टिकच्या बाटल्या पडल्या होत्या. वहिनीनं त्या उचलून बाजूला केल्या. मग ओल्या दगडाला तळहात लावून ती बराच वेळ उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. तिनं फोटो काढले, मला म्हणाली, ताई, तुम्ही उभ्या राहा, मी काढते. मी उभी राहिले. तिनं मोबाईल खाली केला आणि म्हणाली, "माझ्यासारखीच कुणीतरी परक्या घरातून आलेली बाई, ताई. इथे उभी राहून तिनं चिखल लिंपला असेल. मला ना, या नावात कधी परकं वाटलंच नाही त्यानंतर. भाऊंमुळे."

मी म्हटलं, "हं."

येताना रिक्षात तिनं मला तिच्या पिशवीतली चिक्की दिली, लोणावळ्याहून आत्यासाठी आणलेल्यातलीच. आम्ही दोघींनी एक वडी अर्धी अर्धी मोडून खाल्ली. मला ती बरी वाटली, भाऊ, चिक्कीही आणि वहिनीही. मग तळेगाव आलं, मी उतरले, ती स्टेशनकडे गेली.

हे पत्र लिहून झाल्यावर मी ते कुणालाच दाखवणार नाही. दादाला दाखवलं तर तो वहिनीला वाचून दाखवील, त्याला तिच्यापासून काही ठेवता येत नाही. तुमच्यापर्यंत ते जाणार नाही हे मला माहीत आहे, आणि जाणार नाही म्हणूनच एवढं लिहवलं. एक गोष्ट मात्र राहिलीय. आत्यानं सांगायच्या आधी मला विचारलं होतं, लेक का सून. ते माझ्या कानातून जात नाही. तुम्ही सुनेला सांगताना सून केलीत, तशी तिनं लेकीला सांगताना लेक केली असेल, हेही शक्य आहे. मी सून आहे असं म्हटलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? आत्याला पुन्हा जाऊन विचारता येईल, तळेगावहून रिक्षा मिळते. मी जाणार नाही. आणि वहिनीला यातलं काही मी अजून सांगितलेलं नाही. परवा तिचा फोन आला होता, त्या फोटोंबद्दल भरभरून बोलत होती. मी सगळं ऐकलं. एकदा अगदी जिभेवर आलं होतं. सांगेन कधीतरी, भाऊ. पण तिच्याजवळ तुमचे ते दोन दिवस आहेत. माझ्याजवळ एवढं राहू दे थोडे दिवस.